टिकली लावलेलं बटण

मी मुळातच भित्री. गलीत माकडांची टोळी उतरली की मी समोर दिसेल त्या दुकानात शिरते आणि उगाच उभी दिसायला नको म्हणून एक काडेपेटी विकत घेते. घरात काडेपेट्यांचा ढीग झालाय. बाबा म्हणायचे, बायो, तुझ्या भीतीवर एका माणसाचा संसार चाललाय. आता बाबा तोंडाने काही म्हणत नाहीत. त्याआधीच्या पंधरवड्यात मी जो घोळ घातला, तो कधीतरी सांगून टाकायला हवा.

बनारसमध्ये बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला आमचं बिऱ्हाड आहे, दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, मी पंचावन्नची. मी एका बँकेत हिंदी पत्रव्यवहार बघते. बाबांनी जन्मभर एकच काम केलं, मुलांना वेद म्हणायला शिकवलं. वही नाही, फळा नाही, समोर चार पोरं आणि यांचा आवाज. दिवाळीनंतर त्या आवाजाला खरखर लागली. ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या, "घसा बसलाय, बसू दे बापडा" असंही म्हणून झालं. मग डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर फार हळू बोलत होते, आणि हळू बोलणाऱ्या डॉक्टरांची मला धास्ती वाटते. त्यांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण बोलणं जाईल, आणि श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यावा लागेल. बाबांनी फक्त तारीख विचारली. तारीख अडीच आठवड्यांनंतरची मिळाली.

परत येताना ई-रिक्षात बाबा रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचत होते.

बाबांचे विद्यार्थी कितीतरी वर्षं मागे लागले होते की तुमची शिकवण लिहून ठेवा. ती कुठल्या पोथीत सापडत नाही. कुठे श्वास घ्यायचा, कुठे मेलो तरी घ्यायचा नाही, कोणत्या जागी पोरं हटकून घसरतात आणि त्यांना कसं सावरायचं, असलं सगळं. बाबा आजचं उद्यावर ढकलत आले. आता हात कापायचा, दोन ओळी लिहिल्या तरी मुंग्यांची रांग वाटायची. रात्री जेवताना ते म्हणाले, "इतक्या थोड्या दिवसांत कसं व्हायचं गं?" आणि मी शहाणी बोलून गेले, "तुम्ही नुसतं बोला. लॅपटॉप लिहील."

ही विद्या माझ्याकडे होती. तीन वर्षांपूर्वी टायपिंगने माझी मनगटं गेली. उजव्या हाताला अजून पट्टा बांधते. तेव्हापासून मी बँकेतली पत्रं बोलूनच लिहिते, आणि त्या बोलून लिहायच्या सॉफ्टवेअरची बटणं माझ्या सोयीने लावून घेतली आहेत. कोणत्या बटणाने काय व्हावं, हे त्यात आपलं आपण ठरवता येतं. मला त्याचा जरा गर्वच होता. ऑफिसातले लोक विचारायला यायचे.

बाबांसाठी रविवारी मी सगळं बसवलं. मूळची रीत अशी असते की बटण दाबून धरायचं, दाबलेलं आहे तोवर ते ऐकतं, सोडलं की थांबतं. बाबांच्या बोटांना तेवढा वेळ धरून ठेवणं जमेना. म्हणून मी ते बदललं. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरू-बंद होताना 'टुंग' असा आवाज व्हायचा, त्याने ते दचकायचे. मी तो आवाज काढून टाकला. बोलणारा काही वेळ गप्प राहिला तर ते आपोआप थांबतं. बाबा तर एका वाक्यानंतर डोळे मिटून दोन-दोन मिनिटं बसतात. मी तेही बंद केलं. शेवटी राहिली ती पडद्यावरची अक्षरं. ती पळताना दिसली की बाबा बोलणं सोडून ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लागायचे. मी पडदाच काळा करून टाकला. इतकी काळजी घेतली मी. एकेक करून सगळे पहारेकरी मीच घरी पाठवले, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मग आईच्या फणेरपेटीतून टिकल्यांचं जुनं पाकीट काढलं आणि एक लाल टिकली त्या बटणावर चिकटवली. "सुरू करताना हे दाबा, संपलं की हे दाबा," मी सांगितलं.

"सोवळ्यात मी त्या डब्याला हात लावणार नाही," बाबा म्हणाले. पूजा आटोपून, सोवळ्यातच बसून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मग देवघरातली एक जुनी, वाकलेली पळी त्या कामाला वेगळी काढली. पळीच्या मागच्या टोकाने ते टिकली दाबणार. त्या दिवशी मी शेजारी बसून स्वतः बटण दाबून दाखवलं, पाच मिनिटं बोलून घेतलं, सगळं बिनचूक उतरलं. बाबा खूश झाले.

आणखी एक अट त्यांनी घातली. काम पुरं होईपर्यंत मी ते उघडून वाचायचं नाही. अर्धवट शिकवण वाचली की अर्धवटच डोक्यात बसते, हे त्यांचं नेहमीचं. मी हो म्हटलं. रजा सगळी हॉस्पिटलसाठी राखून ठेवली होती, त्यामुळे मी सकाळी लॅपटॉपवरचं फडकं काढून बँकेत जायची आणि संध्याकाळी येऊन फडकं घालायची. लॅपटॉप स्टुलावर तसाच चालू असायचा, वायर भिंतीत. झाकण लावू नका, एवढं मी बजावलं होतं.

सोमवार ते शनिवार त्यांनी रोज तासभर सांगितलं. मधल्या रविवारी प्रतिपदा होती, अनध्याय, म्हणून सुट्टी. मग पुन्हा सोमवार ते शनिवार. बारा सकाळी. आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता. शेवटी-शेवटी पाणी मागितलं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं नाही. मी बँकेत पत्राचा एक मजकूर सांगताना मधेच थांबायची आणि माझ्याच गळ्याला हात लावून बघायची.

दुसऱ्या शनिवारी सहाच्या सुमाराला घरी आले तर बाबा खिडकीत बसले होते, चेहरा उजळलेला. कुजबुजल्यासारखं म्हणाले, "झालं गं. जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं. आता वाच." सोमवारी भरती व्हायचं होतं, मंगळवारी ऑपरेशन.

मी चहाचा कप घेऊन बसले आणि पडदा उजळला. पहिला सोमवार नीट होता. अगदी बाबाच बोलतायत असं वाटत होतं. पण त्यांचं सांगणं संपलं तरी मजकूर थांबेना. खाली लिहिलं होतं, आज दूध अर्धाच किलो. मग, हे माकड गेलं का. मग, आज घास अडला. त्याखाली माझीच वाक्यं होती, बाबा भाजी काय करू, बाबा गोळी घेतली का. रात्रीची, दुसऱ्या दिवशी सकाळची. दिवसभराचं घर त्यात सांडलेलं होतं. मी हसले सुद्धा. म्हटलं, बंद करायला विसरले वाटतं. आणि मंगळवार शोधायला खाली गेले.

मंगळवार नव्हता.

बुधवार होता, तसाच घरभर सांडलेला. गुरुवार नव्हता. शुक्रवार होता, शनिवार नव्हता. दुसऱ्या आठवड्यातही तेच. बारातल्या सहा सकाळी होत्या आणि सहा कुठेच नव्हत्या. मी कचऱ्याची पेटी उघडली, दुसऱ्या फायली उघडल्या, लॅपटॉप बंद करून सुरू केला. त्या घाईत चहा स्टुलावर सांडला. बाबा खिडकीतून बघत होते. "कसं उतरलंय?" त्यांनी विचारलं.

"छान," मी म्हणाले. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, तसा चढला.

मग मी वाचू नये ते वाचलं. हरवलेला मंगळवार कुठे मिसळला असेल म्हणून तो सांडलेला भाग ओळीन् ओळ वाचायला घेतला. बाबा एकटे असताना आईच्या फोटोशी बोलत होते. पोरीला सांगू नकोस, मला भीती वाटते. भोकातून पाणी आत गेलं तर गंगेत बुडी कशी मारू. मी नीट मरेन का गं. आणि दुसऱ्या बुधवारी, दुपारी, मी बँकेत असताना, नुसतं एकच. बायो. बायो. अगं बायो. बायो. मोजायची माझी हिंमत झाली नाही. पानभर होतं.

ते मला हाका मारत होते आणि मी नव्हते. काय झालं असेल? पडले होते का? घास अडकला होता? आणि संध्याकाळी मी येऊन भाजीचं विचारलं.

उठून मी त्यांच्यापाशी गेले. हाकांचं विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून आडून म्हणाले, "बाबा, बटण कसं दाबता ते जरा दाखवा. मला विद्यार्थ्यांना सांगायचंय."

त्यांनी पळी घेतली. टिकलीवर एकदा हलकेच टेकवली. "असं सुरू." मग जरा थांबून, दोनदा. टक, टक. "आणि असं पूर्ण."

"दोनदा का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून परकरातच आहे. "शेवट दोनदाच असतो. अध्यायाचे शेवटचे शब्द दोनदा म्हटले की संपलं असं कळतं. जन्मापासून ऐकतेस ना या घरात?"

ऐकत होते. पोरं म्हणायची, शेवटचे शब्द पुन्हा म्हणायची, आणि मग आई स्वयंपाकघरातून म्हणायची, संपलं, आता ताटं घ्या. एकदाच दाबायचं, असं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पहिल्या सोमवारी त्यांनी दोनदा दाबलं, म्हणजे ते बंद झालं आणि लगेच पुन्हा सुरू झालं. मंगळवारी सकाळी त्यांनी सुरू करायला म्हणून दाबलं आणि तेव्हा ते बंद पडलं. तासभर ते बंद लॅपटॉपला शिकवत बसले. शेवटी दोनदा दाबलं, ते सुरू होऊन बंद झालं, म्हणून बुधवार पुन्हा नीट. 'टुंग' वाजला असता तर त्यांना कळलं असतं. पडद्यावर अक्षरं दिसली असती तर कळलं असतं. गप्प राहिल्यावर ते आपोआप थांबलं असतं तर मंगळवार तरी वाचला असता. एकही वाट मी मोकळी ठेवली नव्हती.

मी तिथेच जमिनीवर बसले. आता सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो मला गिळायला बसला होता. नाही सांगितलं तर बाबा समाधानाने ऑपरेशनला जातील, पण अर्धी शिकवण कायमची गेली. सांगितलं तर हातात एकच सकाळ आहे, रविवारची, आणि त्या घशाला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. कोणतं पाप कमी, ते मला ठरवता येईना. मी रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, बाबा आता रागावतील. मी लहान असताना ते पोथीवर पाणी सांडलं म्हणून तीन दिवस अबोला धरत. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मधलं काय काय लिहिलंय त्याने?"

"पंखा, माकडं, दूधवाला. फालतू."

"खोटं बोलतेस. तुझा आवाज चढला." मग पळी हातात फिरवत म्हणाले, "वाचलंस ना?"

मी मान डोलावली. "बुधवारी दुपारी हाका मारत होतात. काय झालं होतं बाबा?"

"काही नाही. म्हणून बघत होतो." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "मंगळवारनंतर म्हणता येणार नाही ना. म्हटलं, पोटभर म्हणून घेऊ."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "मला फार भीती वाटते," मी म्हणाले.

"मलाही," ते म्हणाले. "उद्या लवकर उठू."

रविवारी साडेसात वाजता त्यांची पूजा झाली. मी रात्रीच सगळ्या सोयी काढून टाकल्या होत्या. मूळची रीत परत आणली, दाबून धरा आणि बोला. 'टुंग' परत आणला. पडद्यावर मोठी अक्षरं ठेवली. बटण मी धरणार होते. आंघोळ करून, ओलेत्याने वाळवलेलं आईचं सोवळ्याचं पातळ नेसून त्यांच्यासमोर बसले, मनगटाला पट्टा करकचून बांधला आणि अंगठा टिकलीवर ठेवला. टुंग. बाबा दचकले नाहीत.

सहा सकाळींचं एका सकाळीत बसवायचं होतं. ते आधी डोळे मिटून ठरवायचे, हे घ्यायचं, हे सोडायचं. काही ठिकाणी म्हणायचे, हे नाही सांगितलं तरी चालेल, पोरं आपली आपण शिकतील. मग पुढच्याच गोष्टीला मागे यायचे, नाही, हे राहू देऊन चालणार नाही. आवाज इतका बारीक की मला लॅपटॉपला लावलेला माइक त्यांच्या ओठांशी धरावा लागत होता. प्रत्येक वाक्याला वाटायचं, आता हा तुटणार. तासाभराने तुटलाच. तोंड हलतंय आणि पडद्यावर काही उमटत नाही. माझा अंगठा टिकलीवर दाबलेलाच. त्यांनी दोन घोट कोमट पाणी घेतलं, मान खाली घातली, आणि पुन्हा घोगरं काहीतरी निघालं. अक्षर उमटलं. कुठलं होतं तेही मी पाहिलं नाही.

मधे बिजली गेली. बॅटरीचा आकडा उतरताना बघून माझं धाबं दणाणलं. मनगट सुजून पट्ट्याबाहेर आलं. हात बदलावा तर तेवढ्यात एखादा शब्द निसटायचा, म्हणून बदलला नाही. खाली गलीत कोणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. मला त्या बाईच्या ठणठणीत आवाजाचा संताप आला.

अकरा वाजून गेल्यावर ते सहाव्या सकाळपर्यंत आले. कुठे श्वास घ्यायचा ते त्यांनी शेवटी ठेवलं होतं. ते सांगितलं. शेवटचं वाक्य म्हणाले, मग तेच पुन्हा म्हणाले, आणि हात जोडले.

संपलं होतं. मला ते कळलं होतं. पण माझा अंगठा उचलेना. उचलला की टुंग वाजणार आणि त्यानंतर हा आवाज कुठेच उतरणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मी तशीच बसून राहिले. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काहीतरी म्हणाले. मी मान हलवली. ते पुन्हा म्हणाले. मग मी अंगठा उचलला.

ऑपरेशन झालं. बाबा आहेत. गळ्याला जाळीचं फडकं बांधून खिडकीत बसतात, पाटीवर लिहितात, आणि मी हवी असले की त्याच पळीने खिडकीच्या गजावर दोनदा वाजवतात. कधी पळी निसटून एकच आवाज आला की मी हातातलं टाकून धावते. भीती काही गेलेली नाही.

महिन्याभराने मी ती फाइल स्वच्छ केली. दूधवाला काढला, माकडं काढली, आईशी बोललेलं सगळं काढून वेगळं ठेवलं, हाकांचं पान वेगळं ठेवलं. उरलं ते छापून विद्यार्थ्यांना पाठवलं. फक्त रविवारच्या मजकुराच्या तळाशी दोन ओळी होत्या, त्या छापल्या नाहीत आणि पुसल्याही नाहीत. मी अंगठा उचलला नव्हता, म्हणून त्या उतरल्या होत्या.

सोड आता बायो.

सोड आता बायो.